मागे थांबलेली निळी गाडी

चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा, दुसरा दिवस. दुपारची जेवणं आटोपली होती आणि गोव्यातल्या चोडण बेटावरचं आमचं घर सुस्तावलं होतं. चवथीला या घराला जो वास येतो तो वर्षात दुसऱ्या कुठल्याच दिवशी येत नाही. गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीला बांधलेली कांगलां, आंबाडे, सुपारीचे घोस, डब्यात भरून ठेवलेल्या नेवऱ्या, विझलेल्या उदबत्त्या आणि या सगळ्याच्या तळाशी पावसाने ओल धरलेल्या भिंती. बाहेर सोप्यावर माझी नऊ वर्षांची भाची माझा फोन घेऊन पालथी पडली होती. फोनमध्ये आमचा गेम होता, अजून बाजारात न आलेला, मोटारींच्या शर्यतीचा. गेली दोन वर्षं मी त्यात मुख्यतः एकच काम करतो आहे. खेळणाऱ्याच्या विरुद्ध ज्या गाड्या धावतात, त्या कशा धावतील ते ठरवायचं.

मी दारात उभा राहून बघत होतो. ती शेवटच्या फेरीत होती आणि सगळ्यांच्या पुढे होती. शेवटचं वळण घेतलं, समोर रंगीत कमान दिसायला लागली आणि तिने ॲक्सिलरेटरवरचा अंगठा उचलला. गाडी घरंगळत जाऊन थांबली. मागून निळी गाडी आली. तिच्या इंजिनचा चढलेला आवाज हळूहळू उतरला आणि चार-पाच गाड्यांचं अंतर राखून तीही उभी राहिली. रस्ता मोकळा होता, शेजारून दोन ट्रक जातील एवढा. तरी उभी. भाचीने गाडी हातभर पुढे घेतली, निळीही हातभर पुढे आली. ही थांबली, ती थांबली. असं तिने तीनदा केलं.

"पळय मामा," मान न वळवता ती म्हणाली, "तोय रावता."

तोही थांबतो. एवढंच म्हणाली. मग तिने रेषा ओलांडली, कमानीवरून रंगीत कागद उडाले, पहिल्या क्रमांकाचा कप गोल फिरत समोर आला. तिने तो बघितलासुद्धा नाही. फोन सोप्यावर पालथा ठेवला आणि शेजाऱ्यांचा गणपती बघायला निघून गेली.

तो पालथा फोन पुढे कित्येक दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलला नाही.

निळी गाडी का थांबली ते मला पक्कं ठाऊक होतं, कारण ती ओळ मी स्वतः लिहिली होती. आमच्या धंद्यात याला रबर बँड म्हणतात. खेळणारा आणि संगणकाची गाडी यांच्यामध्ये एक न दिसणारं रबर ताणलेलं असतं. तुम्ही पुढे निघून गेलात की मागच्या गाडीला गुपचूप जास्तीचा जोर मिळतो, तुम्ही मागे पडलात की पुढची गाडी गुपचूप मंदावते. कोडमध्ये हे दोन-तीन ओळींचं काम असतं. अंतर मोजा, त्यावरून एक आकडा काढा, इंजिनच्या शक्तीला त्या आकड्याने गुणा. पुढे असेल तर ०.८५, मागे असेल तर १.१५. त्यात मी आणखी एक नियम घातला होता. खेळणारा नवखा असेल आणि शेवटच्या वळणावर पुढे असेल, तर मागच्याने त्याला ओलांडायचं नाही, काहीही झालं तरी. रेषेच्या तोंडाशी हरलेला नवखा माणूस गेम बंद करतो आणि परत उघडत नाही, या भीतीने. नवख्याने तिथे थांबून मागे वळून बघितलं तर काय होईल, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. तो नऊ वर्षांच्या मुलीला पडला.

माझ्यावर तरी हा डाव कुणी आधी खेळला नव्हता असं कुठे होतं? शाळेच्या शेवटच्या वर्षांत म्हापशाला एका कॉम्प्युटर क्लासच्या मागच्या खोलीत आम्ही मित्र तासावर पैसे देऊन शर्यती खेळायचो. शुक्रवारच्या बाजाराची गर्दी खाली, सुके बांगडे आणि चुरीसांचा वास जिन्यावरून वर यायचा, आणि खोलीत तीन मॉनिटर आणि एक गरम हवा फिरवणारा पंखा. तिथल्या एका गेममध्ये एक लाल गाडी होती. तिला कितीही मागे टाका, दोन डोंगर पलीकडे टाका, शेवटच्या सरळ रस्त्यावर ती आरशात हजर व्हायची आणि कानाला लागून निघून जायची. पहिले काही आठवडे आम्ही हळहळलो. मग एकाच्या लक्षात आलं की मुद्दाम दुसरं राहायचं. तिच्या मागे मागे जायचं आणि शेवटच्या वळणात तिला गाठायचं. मग आम्ही रोज जिंकायला लागलो. जिंकताना मजा मात्र राहिली नव्हती. पहिल्या दोन फेऱ्या तुम्ही जीव तोडून चालवा किंवा आरामात चालवा, फरक शून्य. चांगलं चालवण्याला त्या खोलीत किंमतच उरली नव्हती. आम्ही शिकलो काय, तर दुसरं राहायला. तेव्हा मनात म्हटलं होतं की मी कधी गेम केला तर असं करणार नाही. आणि केलं तेव्हा नेमकं हेच केलं.

हे रबर नुसत्या आळसातून येतं असं मात्र मला वाटत नाही. ज्याने शर्यतीचा गेम बनवून बघितला आहे त्याला ते भय माहीत असतं. प्रामाणिक प्रतिस्पर्धी बनवा आणि दहा माणसांना खेळायला द्या. तीन जण पहिल्याच फेरीत एवढे पुढे जातात की उरलेली शर्यत एकटेच रिकाम्या रस्त्यावर चालवतात. पाच जण एवढे मागे राहतात की त्यांनाही समोर कुणी दिसत नाही. खरी झुंज उरलेल्या दोघांच्याच वाट्याला येते. शर्यत म्हणजे शेवटी सोबत असते. कुणीतरी शेजारी हवं, त्याच्या इंजिनचा आवाज आपल्या आवाजात मिसळायला हवा. रबर बँड ती सोबत स्वस्तात मिळवून देतं. म्हणून इतकी वर्षं ते टिकलं.

आणि लबाडीचे प्रकारही पुष्कळ. १९९२ च्या सुपर मारिओ कार्टमध्ये संगणकाच्या प्रत्येक खेळाडूला त्याचं त्याचं खास हत्यार होतं आणि ते त्याला हवं तितक्या वेळा वापरता यायचं. तुम्हाला मात्र रस्त्यावर मिळेल ते एकच. त्याच मालिकेत दुसरीही एक गोष्ट आहे. रस्त्यावरच्या पेटीतून काय निघेल ते तुम्ही कितवे आहात यावर ठरतं, मागे असलेल्याला जोरदार काही मिळण्याची शक्यता जास्त. १९९६ च्या मारिओ कार्ट ६४ मध्ये तर निळं कवच आलं, ते थेट पहिल्यालाच शोधत जातं. लोक त्या कवचाच्या नावाने बोटं मोडतात, पण 'फसवलं' असं म्हणताना मी फार कमी जणांना ऐकलंय. चवथीनंतर मी याचाच विचार करत होतो. रबर हीही मदत आणि कवच हीही मदत. मग एकीचा राग वेगळा आणि दुसरीचा वेगळा का?

उत्तर मला गेममधून मिळालं नाही. फेरीबोटीतून मिळालं.

चोडणच्या मुलाची आयुष्यातली पहिली शर्यत फेरीबोटीशी असते. रायबंदरला जायचं तर नदी ओलांडायची, आणि फेरी चुकली की धक्क्यावर बसून कांदळाच्या झाडांतले बगळे मोजायचे. आता त्या मार्गावर मोठी रो-रो फेरी आली आहे, पण माझ्या डोक्यात अजून ती जुनीच, लोखंडी रॅम्प असलेली. शाळेचं दप्तर पाठीवर आपटत, डाव्या हाताला मिठागराच्या वासाची कांदळं, समोर उतार, आणि भोंगा वाजलेला. रॅम्प उचलायला सुरुवात झालेली असायची. वर केबिनमधल्या माणसाला तुम्ही दिसायचात. कधी तो साखळी परत सोडायचा, खळखळ आवाज करत रॅम्प दोन हात खाली यायचा आणि तुम्ही उडी मारून चढायचात. फेरीतली चाळीसेक माणसं तुमच्याकडे बघायची, कारण तुमच्यापायी त्यांचं मिनिटभर गेलेलं असायचं. मासे घेऊन चाललेली एखादी बाई बोलूनही दाखवायची. लाजही वाटायची आणि बरंही वाटायचं, एकाच वेळी. आणि कधी कधी तो थांबायचा नाही. तुम्ही धक्क्याच्या टोकावर पोचेपर्यंत मधे पाण्याची पट्टी दिसायला लागायची, हातभर, मग दोन हात. दोन्ही होऊ शकायचं म्हणून तर धावायचो. थांबला तर तो थांबला हे सगळ्यांना दिसायचं. आपण फेरीला हरवलं असा समज करून घेऊन कुणी घरी गेल्याचं मला आठवत नाही.

निळ्या गाडीने भाचीला नेमकं हेच नाकारलं होतं. थांबायचं, आणि थांबलो हे सांगायचं नाही.

दादाची आठवण त्याच्या मागोमाग आली. दादा म्हणजे थोरल्या काकांचा मुलगा, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. वाड्यावरच्या देवळापासून धक्क्यापर्यंत आम्ही सायकलींची शर्यत लावायचो. मी दहा वर्षांचा, तो पंधराचा, जिंकणार कोण हे निघायच्या आधीच ठरलेलं. मग त्याने एक युक्ती काढली. माझ्या धाकट्या बहिणीला उचलून तो आपल्या कॅरिअरवर बसवायचा. "हिका घेवन येतां हांव," म्हणायचा, "तूं फुडें वच." तू पुढे जा. ती सहा वर्षांची, पाय चाकात जाऊ नयेत म्हणून दोन्हीकडे ताणून धरलेले, दादाचा शर्ट मुठीत, आणि वाटभर ओरडणं. चढावर दादाला धाप लागायची, मागून ऐकू यायची, आणि ती धाप खरी होती. उताराला मात्र तिच्या वजनाने त्याचीच सायकल जास्त पळायची आणि मी रडकुंडीला येऊन तक्रार करायचो, की उताराला तिला खाली उतरव. त्या शर्यती मी काही जिंकलो, काही हरलो. जिंकलो तेव्हा कसा जिंकलो ते मला माहीत होतं. आपण एका ओझं घेतलेल्या माणसाच्या पुढे पोचलो आहोत. तेवढं पुरेसं होतं, त्यात कमीपणा वाटला नाही. पुढच्या वर्षी मी बऱ्याचदा जिंकायला लागलो तेव्हा एक दिवस दादाने तिला कॅरिअरवरून उतरवलं आणि म्हणाला, आता ही चालत येईल. ती भोकाड पसरून रडली. मी त्यानंतर वर्षभर हरलो. त्या वर्षासारखं वर्ष मला परत मिळालेलं नाही.

पर्वरीला ऑफिसात परत आल्यावर मी रबर काढून टाकलं. सगळं. टीममधल्या बाकीच्यांना ते पटायला वेळ लागला आणि त्यांची भीती खोटी नव्हती. पहिल्या आठवड्यात आमच्या गाड्या अगदी निर्जीव वाटल्या, कारण आता त्या फार बरोबर चालवत होत्या. हे जरा उलगडून सांगतो. तीस मीटर त्रिज्येचं वळण घ्या. कोरडा रस्ता, टायरची पकड, म्हणजे घर्षणांक, १ धरली, तर गाडी तिथून जास्तीत जास्त ताशी ६२ किलोमीटरने जाऊ शकते. पाऊस पडून पकड ०.६ वर आली तर ४८ ने. ताशी १२० वरून ६२ वर यायला कोरड्या रस्त्यावर सुमारे ४२ मीटर लागतात. म्हणजे वळणाच्या ४२ मीटर आधी ब्रेक दाबायचा. संगणकाला हा हिशेब पाण्यासारखा येतो, दर फेरीला, दर वळणाला, सेंटिमीटरचाही फरक नाही. असा ड्रायव्हर शेजारी असला की माणसाला आगगाडीशी शर्यत लावल्यासारखं वाटतं.

मग मी त्यांचं ज्ञान कमी करायला घेतलं. आधीच्या कोडमध्ये प्रत्येक गाडीला खेळणारा नेमका कुठे आहे ते सतत कळत असे, मधे टेकडी असली तरी. ते बंद केलं. आता समोरच्या काचेतून आणि आरशातून जेवढं दिसेल तेवढंच. दिसल्यावर कृती करायला ०.२ सेकंदांचा उशीर दिला. १२० च्या वेगात तेवढ्यात गाडी साडेसहा मीटरहून जास्त पुढे गेलेली असते, म्हणजे एखादा अचानक आडवा आला तर आमच्या ड्रायव्हरलाही दचकायला वेळ लागतो. प्रत्येकाला अंतराचा अंदाज वेगवेगळा दिला. हिरवी गाडी भित्री, तिला वळण जवळ वाटतं, ती आधीच ब्रेक लावते. निळीला वळण लांब वाटतं, ती उशिरा लावते, कधी साधतं, कधी बाहेरच्या गवतात जाते. आणि आरशात कुणी बराच वेळ चिकटून राहिलं तर तिचा अंदाज आणखी डळमळतो. हे शेवटचं करताना मला सगळ्यात जास्त विचार करावा लागला, कारण हेही तुमच्या असण्यामुळे तिच्या चालवण्यात पडलेला फरकच आहे. पण तो तुम्ही केलेला आहे. तुम्ही मागे राहून, दाबून, वाट बघून तिच्याकडून ती चूक काढून घेतली आहे. टायर तुमचे झिजतात तसे तिचे झिजतात, तेही एकाच सूत्राने. ज्या दिवशी निळी गाडी पहिल्यांदा आपल्या स्वतःच्या चुकीने गवतात गेली आणि धडपडत परत रस्त्यावर आली, त्या दिवशी मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

स्वभावाचा प्रश्न दुसऱ्यांनी दुसऱ्या वाटांनी सोडवून बघितला आहे. २००५ च्या फोर्झा मोटरस्पोर्ट या गेममध्ये ड्रायव्हटार आले, तुमचं चालवणं बघून तुमच्यासारखं चालवायला शिकणारे. पुढे इंटरनेटवरून जगभरच्या लोकांचे ड्रायव्हटार एकमेकांच्या गेममध्ये यायला लागले, आणि माणसांकडून शिकलेले म्हणून माणसांसारखेच धडकायलाही लागले. शेवटी त्यांचा आक्रमकपणा आवरायची सोय द्यावी लागली. २०२२ च्या फेब्रुवारीत नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात सोनीच्या जीटी सोफी या कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा लेख आला, तो मी एका रात्रीत दोनदा वाचला. ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट या शर्यतीच्या गेममध्ये लाखो चुका करत करत स्वतःच शिकलेली ती. २०२१ च्या जुलैमध्ये जगातल्या निवडक खेळाडूंच्या संघाशी सांघिक गुणांत हरली, ऑक्टोबरमध्ये त्याच शर्यतीत जिंकली. वेगापेक्षा मला भिडली ती तिला वळण लावण्याची खटपट. धडकेची शिक्षा कमी ठेवली की ती दांडगाई करते, जास्त ठेवली की घाबरून वाट सोडते. मधली जागा शोधायला माणसांना एवढे कष्ट पडले. आपल्याकडे मोठी माणसं मुलांना नेमकं हेच शिकवत असतात, फक्त त्यांच्याकडे आकडे नसतात. तरीही माझा प्रश्न सोफीने सुटत नव्हता. जगातल्या उत्तमांना हरवणारी ती. नऊ वर्षांच्या मुलीबरोबर धावायचं कसं?

दादासारखं. ओझं घेऊन.

घोड्यांच्या शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन ठेवण्याची पद्धत जुनी आहे. ब्रिटनच्या टूरिंग कार शर्यतींतही कित्येक वर्षं जिंकणाऱ्यांच्या गाडीत पुढच्या शर्यतीसाठी वजन भरत असत. आम्ही निळ्या गाडीच्या टपावर कॅरिअर बसवलं आणि त्यावर नारळांची पोती. एक पोतं वीस किलो. शर्यतीआधी किती पोती ते तुम्ही ठरवायचं, निशाण पडल्यावर मधे कुणी ढवळाढवळ करायची नाही. हजार किलोच्या गाडीवर शंभर किलो चढले की त्याच इंजिनाला वेग घ्यायला अकराशे किलो ओढावे लागतात, वळणातून बाहेर पडताना ती जड झालेली लगेच कळते. वळणाचा हिशेब मात्र पहिल्यांदा चुकला. साध्या सूत्रात वजन दोन्ही बाजूंनी उडून जातं आणि लादलेली गाडीही तेवढ्याच वेगाने वळते. खऱ्या टायरवर भार वाढला की पकड त्या मानाने वाढत नाही, ते सूत्रात घालावं लागलं. ते घातल्यावर निळी गाडी वळणात जराशी बाहेर सरकायला लागली, पोती लचकली, आणि आमच्या चित्रकाराने एक नारळ सुटून रस्त्यावर उड्या मारत जाईल असं केलं. उताराला ती जास्त पळते. ते मी मुद्दाम राहू दिलं.

दिवाळीत नरकासुर जाळून झाल्यावर, सकाळचे पोहे खाऊन सगळे सोप्यावर बसले होते. भाचीला फोन दिला तेव्हा तिने घेतला, पण मला दुखवायचं नाही म्हणून घेतल्यासारखा. टपावरची पोती तिने बघितली.

"हे कितें?"

"नाल्ल. शंभर किलो. तुझ्या गाडीवर काही नाही."

"त्याला माहीत आहे?"

"त्याला जड लागतंय."

पहिली शर्यत ती जिंकली. शेवटच्या वळणाला अंगठा उचलून थांबली. निळी गाडी वळणातून बाहेर सरकत आली, पोती हिंदकळली, आणि ती हिच्या शेजारून सरळ निघून जाणार हे दिसताच भाचीने दचकून अंगठा दाबला. जेमतेम नाकभर पुढे राहिली. ती काही बोलली नाही. पडद्यावर पोत्यांच्या खाली दोन बाण होते, तिने एक पोतं उतरवलं. मग आणखी एक. माझी बहीण आतून चहा घेऊन आली, तिच्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाली, "टपार कोण बसला गो?" आणि मग माझ्याकडे बघितलं. तिला आठवलं होतं.

दुपारी उन्हं चढली तेव्हा गाडीवर दोन पोती होती आणि भाची सलग चौथ्यांदा हरत होती. फेरीचा भोंगा लांबून ऐकू आला. ती जेवायला उठली तेव्हा तिने फोन पायरीवर ठेवला, पडदा वर करून, निळी गाडी अजून रेषेवर उभी.